शेवट कुणी बघितलाय

न्हाय हो अक्का, शिनेमाचं नाव सुदा काढत न्हाय आमची चंदना! कुणी घातलं तुमच्या कानावर? — न्हाय, इचारा की, इचारलंच पायजे, सून करून न्यायची म्हंजे काय बाजारातनं भाजी आणायची हाय? तुमच्या मालकांनी सकाळी जिना चढता चढताच सांगितलं न्हवं आमच्या आण्णास्नी, की आमास्नी बाकी काय नको, पर पोरगी शिनेमा बघणारी नको — मी तिथंच तांब्या घिऊन उभी व्हतो. आण्णा म्हंजे माझं सासरं. ते म्हणालं, आमच्या घरात तसलं न्हाय. मग झालं की! ते कशाला खोटं बोलतील? — चंदना आत हाय, पोहे करती. कांदा न्हाय घालत आमी, बटाटा बी न्हाय, तुमच्यागतच आमचं सगळं. आज तुमचा उपास न्हाय न्हवं? मग पोटभर खावा. तुमच्या उपासाचं लई ऐकलंय बगा मी. कबनूरची बाई, चार कारखान्यांची मालकीण, आन दर अष्टमी-चतुर्दशीला दिवसभर नुसत्या तापवलेल्या पाण्यावर, ती बी एस.टी.त बसून कोल्हापूरला जैन बस्तीत दर्शनाला येती — आमच्यात सगळी नाव घेत्यात. मला तर एक दिवस निभत न्हाय. आन चंदना शिवणक्लासला जाती, हे टेबलावरचं कापड तिनंच केलंय. एवढंच तिचं भाईर जाणं. मी सोडाय जातो, मीच आणाय जातो. आई न्हाय न्हवं तिला, ती गुडघ्याएवढी असताना जाऊ गेली माझी, तवापासनं मीच — बसा की नीट, उशी घ्या पाठीला.

हां, टीव्ही. बघितला व्हय तुमी. झाकून ठेवलाय, तरी दिसतोयच, एवढं मोठं लाकडी धूड ते. आण्णांनीच आणला, बातम्यासाठी. आन शेतीचं काय सांगत्यात त्येच्यासाठी. पर अक्का, टीव्ही आणला म्हंजे रविवारी संध्याकाळचा पिक्चर काय दारातनं परत जातोय? सगळी गल्ली येती. म्हणून तर आण्णांनी हे शटरवालं घेतलं, बगा, हे असं दोन्हीकडनं ओढायचं — ओढलं की झालं कपाट! आन शटर ओढायचं काम माझ्याकडं. मी अशी टीव्हीच्या अंगाला चिकटून बसतो, तोंड लोकांकडं, पाठ भिताडाला. काय वंगाळ आलं की आण्णा खोकतात, खोकलं की मी ओढतो. परत खोकलं की उघडतो. आता आण्णास्नी गेल्या थंडीत खराच खोकला झालता, तवा एक अख्खा पिक्चर आमी नुसता ऐकला! गल्लीतली माणसं म्हणाय लागली, त्रिशलाकाकू, रेडिवच बरा व्हता की.

आन वंगाळ म्हंजे काय, इचारा मला. मारामारी वंगाळ न्हाय. रगात वंगाळ न्हाय. सापानं माणूस गिळला तरी पोरं पुढं सरकून बसत्यात. त्या एका रविवारी सासू सुनंला चुलीतलं लाकूड घिऊन मारती — चांगलं लांबलचक, संगीतबिंगीत लावून — आण्णा खोकलं न्हाईत! सगळी बघत बसली. शेंगा खात. आन त्याच पिक्चरमधी पुढं सुनंच्या पायात काटा जातो, तिचा नवरा तिला बांधावर बसवतो, पाय मांडीवर घेतो आन काटा काढतो. दुसरं काय न्हाय. नुसता काटा. आण्णास्नी असा खोकला आला की आमच्या वाड्यातली धोंडुबाई पाणी, पाणी म्हणून वरडाय लागली! — तुमीच सांगा अक्का. मारलेलं चालतंय, काटा काढलेला चालत न्हाय. मी शटर ओढलं, माझं कामच हाय ते, पर मला राग आला बगा. म्हटलं ह्या सगळ्या पोरांनी मारायचं कसं ते बघितलं, काटा कसा काढायचा ते न्हाय बघितलं. उद्या ह्यांच्या बायकांच्या पायात जाईल त्येचं काय?

— हसतासा व्हय? हसा की, हसलं म्हणून काय व्हतंय. मी पण लई हसतो. आमचं मालक म्हणतात, तुला दुकानात गिऱ्हाइकापुढं उभं कराय नको.

काय म्हणालासा? त्या काट्याच्या येळंला आण्णा खोकायच्या आत शटर निम्मं आलतं, असं कोण म्हणालं? — धोंडुबाई! भाईर ओट्यावर भेटली व्हय तुमास्नी? तिला काय कामधंदा न्हाय. — आता खरं सांगू का, ते जरा झालंच तसं. माझा हात आधीच जातो. आण्णांनी पण इचारलं, म्हणालं सूनबाई, पुढं काय येणार ते तुला आधी कसं कळतंय? मी म्हटलं, संगीत बदलतंय की आण्णा! तबला थांबला की समजायचं. — इस्वास बसला की त्येंचा. कानानं कमी ऐकतात.

न्हाय न्हाय, मी थेटरात कशाला जाईन! धोंडुबाईच जाती, तिला काय, तिच्या घरात कोण इचारणार न्हाय. ती येऊन गोष्ट सांगती. गल्लीतल्या बायका आधी तिला — न्हाय, मला इचारत्यात, मी तिला इचारतो, मग मी सांगतो, ह्यो पिक्चर सासूसंगं जाण्याजोगा हाय का जावंसंगं, का मालकासंगं, का गपचिप एकटीनं. सासूसंगं जाण्याजोगं लई कमी निघत्यात. देवाधर्माचं सुदा न्हाय, त्यात अप्सरा नाचत्यात! आन त्यो पावसातला, ज्येच्यावर पोलीसपाटलापतूर बोंब झाली, त्यात काय बी न्हाय हो. पाऊस म्हंजे आगीच्या बंबाचं पाणी. शूटिंग पन्हाळ्याच्या वाटंवरच झालतं, आमच्या गल्लीतलं गणपतराव त्यात छत्री धरून उभं हायत, त्येंची छत्री कोरडी! त्या बाईला नुसती थंडी वाजत व्हती, आन लोक म्हणत्यात वंगाळ. मला तर तिची दया आली, मी रडून रडून पदर भिजीवला — म्हंजे धोंडुबाईनं भिजीवला. आन चंदना तर त्या छत्रीला असली हसाय लागली की खुर्चीवरनं खाली —

— पोहे झालं का बघून येऊ का?

न्हाय, बसतो. बसतो. तुमी असं बघाय लागलासा की मला खोटं बोलाय येत न्हाय अक्का. धोंडुबाईचं गुडघं दुखतात, ती ओट्याखाली उतरत न्हाय. ती कुठली जाती थेटरात! मीच जातो. चंदनाला घिऊन जातो. लक्ष्मीपुरीत, तीनच्या खेळाला, बायकांच्या बाजूला बसतो, पदर हितपतूर. — शिवणक्लास? हाय की शिवणक्लास. थेटराच्या मागच्या बोळात हाय. दोन वर्सं झाली, एक पोलकं पुरं झालेलं न्हाय. हे टेबलावरचं कापड तिनं केलंय म्हणालो मी मघाशी, ते इकत आणलंय. आता सगळं सांगितलंच म्हटल्यावर हे तरी कशाला ठेवू. तिला हुक लावाय येत न्हाय! पर अक्का, पोरगी गुणाची हाय. मी तिला कसलं बी दाखवलेलं न्हाय. आधी मी एकटी बघून येतो, मग तिला नेतो. माझं शटर तिच्यासाठी बी हाय, फकस्त मी काटा काढताना ओढत न्हाय.

आन आमी काय सगळा पिक्चर बघतोय व्हय? कुठला! शेवट कधी गावतच न्हाय आमास्नी. तुमच्यागतच आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण. तीनला खेळ सुरू, साडेपाचाला आण्णांचं ताट पायजे, आन हे थंडीचं दिवस — तिकडं पिक्चर रंगात आला की हिकडं माझं लक्ष दाराच्या फटीकडं, उजेड किती राहिलाय. मग उठायचं. लोकांच्या पायातनं, शिव्या खात. हिरो मरतोय का जगतोय देवाला म्हाईत! मग चालत येताना मी आन चंदना दोघी मिळून शेवट करतोय. बिंदू चौकापतूर मी सांगतो, पुढं ती सांगती. तिचं शेवट लई झ्याक असत्यात. तिच्या शेवटात सगळी जेवाय बसत्यात. आई मेलेली असली तर जित्ती व्हऊन येती आन वाढाय घेती. — हे मी कशाला सांगितलं आता. डोळ्यात काय तरी गेलं बगा.

न्हाय, हे ऐका, परवाचं ऐका, लई भारी पिक्चर लागलाय! ती एक नर्स असती खेड्यातली. नवऱ्यानं टाकलेली. आन एक एस.टी.चा कंडक्टर, तिच्यावर जीव, पर बोलत न्हाय, नुसतं तिच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवतोय. अख्ख्या पिक्चरमधी तिला हात लावत न्हाय, सुट्टं पैसं देताना सुदा बोटं लांब धरतोय! मग तिची बदली व्हती, ती ट्रंक घिऊन स्टँडवर येती, शेवटची गाडी, त्योच कंडक्टर — आन नेमका दिवस मावळाय आला, आमी उठलो. येताना मी म्हटलं, काय व्हणार, त्यो घंटी वाजवणार, गाडी जाणार, ती धुरळ्यात उभी राहणार, संपलं. चंदना म्हणाली काकू, असं नको की करू. मी म्हटलं आगं शिनेमावाली अशीच असत्यात, बाईला उभीच करून —

काय? न्हाय राहत उभी?

गाडी पुढं जाऊन थांबती? आन ती ट्रंक उचलून पळती — चढती? ती चढती! आन दोरी तीच वडती? घंटीची दोरी, तीच? स्वताच्या हातानं! अगं बाई! आन त्यो? नुसता खिडकीकडं बोट करतो? — व्हय व्हय, जागा धरलेली असणारच की त्येनं, गाडी रिकामी असली तरी! ए चंदना! ऐकलंस का, ती चढती गं —

थांबा जरा. अक्का.

ह्यो पिक्चर टीव्हीवर आलेला न्हाय. ह्यो गेल्या शुक्कुरवारी लागलाय. तुमच्या इचलकरंजीत लागायचाय अजून. आन तिथं लागला तरी तुमी तिथं जाऊ शकत न्हाईसा, तिथं डोअरकीपरसुदा तुमच्या मालकांच्या वळखीचा असणार. मग तुमी शेवट कुठनं — परवा काय व्हतं? परवा चतुर्दशी. चतुर्दशीला तुमी कोल्हापूरला. बस्तीत दर्शन सकाळीच उरकतंय. आन परतीची एस.टी. रातची. आन मधी —

शेवटापतूर बसलासा! दिवस मावळला तरी बसलासा! कशा हो? जेवण... आत्ता गं बया! उपास! उपासाच्या दिवशी जेवायचंच न्हाय! कुणाचं ताट न्हाय, कुणाची घाई न्हाय, दिवस मावळू दे न्हाय तर राहू दे! अक्का, मला हे सुचलंच न्हाय हो! इतकी वर्सं मी फटीतनं उजेड बघत बसलो, आन तुमी — थांबा, मला हसू दे, पोटात कळ आली माझ्या. — न्हाय, उपास खरा असतोय, म्हाईत हाय मला, दर्शन पण खरं, मी कुठं न्हाय म्हणतो? दोन्ही खरं. तुमी हसताना कसल्या झ्याक दिसतासा, मघापासनं मी भिऊन बसलोतो की!

आता एक इचारू? हसण्यावारी नेऊ नका. काल रात्री चंदना माझ्या अंथरुणात येऊन म्हणाली, काकू, कबनूरच्या त्या घरात सगळी गप असत्यात म्हणं. यंत्रमाग खडखडतोय आन माणसं गप. मी तिथं हसलो तर चालंल का? माझ्या जिवाला तेच लागून राहिलंय सकाळपासनं, पोहे, टेबलाचं कापड, सगळं त्येच्यापायीच चाललंय. तुमचा वर्धमान चांगला असंल, मी न्हाय म्हणत न्हाय, पर दिवसभर ती तुमच्यासंगं असणार. म्हणून तुमालाच इचारतो. ती हसली तर —

काय म्हणालासा?

परत म्हणा.

'सासूसुनांनी मिळून बघण्याजोगा हाय.' आन कधीपतूर चालंल म्हणालासा त्यो पिक्चर? पुढच्या अष्टमीपतूर? मग लग्न कधी आन अष्टमी कधी, एवढं कसं — पुढचा लागंलच की कुठला तरी! व्हय, लागंलच! अक्का, पाया पडू द्या मला. हलू नका —

गप. जिना वाजला. पदर घ्या, तोंड पुसा, डोळं लाल झाल्यात तुमचं. मला बघू नका, मला परत हसू येतंय.

— या की आण्णा, या पाव्हणं, बसा. आमचं? आमचं उपासाचं चाललंय. अक्का म्हणत्यात, लगीन झाल्यावर चंदनालाबी दर अष्टमी-चतुर्दशीला संगं घिऊन येणार कोल्हापूरला. सासूबरोबर उपास धरंल की ती, का न्हाय धरणार! — तुमी बोला तुमचं निवांत, तिथीचं, मानपानाचं. आमचं बायकांचं झालं बोलून. — काय? हसाय कोण लागलंतं? टीव्ही? न्हाय हो आण्णा. टीव्ही बंदच हाय. शटर ओढलंय की मी.