चौथ्या दिवसाच्या भुवया

तुम्ही हसणार, पण आमच्या बाथरूमची गळती माझ्या भुवयांनी थांबवली.

मायक्रोब्लेडिंग करून, म्हणजे बारीक सुयांनी त्वचेत रंग भरून, भुवया दाट करून घेतल्या होत्या. पार्लरवालीने बजावलं होतं, "आठवडाभर पाणी नको, घाम नको आणि खाजवायचं तर अजिबात नाही. रंग आधी गडद दिसेल, मग उतरेल. महिन्याने टचअप, तेव्हा पुन्हा हेच सगळं." गडद म्हणजे किती? कोळशाने ओढल्यासारख्या!

चौथ्याच दिवशी आमच्या घणसोलीच्या सोसायटीची मीटिंग. वरच्या फ्लॅटमधून दोन वर्षं गळतंय, मी दोन वर्षं भांडतेय आणि सेक्रेटरी दोन वर्षं "बघतो मॅडम" म्हणतायत. त्या दिवशी मात्र भुवयांना अशी खाज सुटली की मी मुठी आवळून, दातांवर दात दाबून, गप्प सेक्रेटरींकडे बघत बसले.

"मॅडम, या महिन्यात करू."

मी मुठी आणखी आवळल्या.

"बरं, या आठवड्यात."

खाज वाढली. माझे डोळे आपोआप वटारले गेले.

"उद्या! उद्या सकाळी प्लंबरला मी स्वतः घेऊन येतो!"

आणि आले की हो!

पुढे खपल्या पडून भुवया छान नाजूक झाल्या. मी कौतुकाने नवऱ्याला दाखवल्या. तो नीट निरखून म्हणाला, "टचअप कधी आहे? सोसायटीत पार्किंगचा विषय त्याच आठवड्यात काढू."