शेवटच्या भागाबाबत थोरल्या बहिणीचा जबाब

मी, तक्रारीतील इसमाची थोरली बहीण, वय ५१ वर्षे, धंदा चष्म्याच्या दुकानात नोकरी, राहणार छापखान्यामागची इमारत, दुसरा मजला, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझा धाकटा भाऊ असे दोघेच राहतो. भावाला लहानपणापासून सगळे घुम्या म्हणतात. तो विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारल्यावरही बोलेलच असे नाही. तो दिवसा शाळांची वाद्ये दुरुस्त करतो व बाकीचा वेळ गिटार वाजवतो.

तो जे वाजवतो त्याला ड्रोन मेटल म्हणतात. त्यात गाणे नसते, ठेका नसतो. गिटारचा एक जाडजूड स्वर मोठ्या आवाजात सोडायचा आणि तो मरेपर्यंत वाट पाहायची, मग दुसरा. अशा प्रकारचा 'पाया' नावाचा अल्बम त्याने तीन वर्षे खपून आमच्या मागच्या खोलीत केला. खोलीला गाद्या ठोकल्या आहेत, तरी फडताळातली भांडी वाजतात. खालच्या मजल्यावरच्या काकांनी पाण्याची मोटर अडकली आहे असे समजून दोनदा प्लंबर बोलावला. आमच्या मावशीला तो अल्बम फोनवर पाठवला, तेव्हा तिने झोप छान लागते असे कळवले. भावाने ते कौतुक म्हणून धरले. दुसरे कोणी केलेच नव्हते.

मागच्या महिन्यात वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये अल्बम ऐकवण्याचा कार्यक्रम झाला. तीसेक माणसे आली. तक्रारदार, म्हणजे वर्तमानपत्रात संगीतावर लिहिणारे समीक्षक साहेब, पहिल्या रांगेत होते. लोक ऐकत असताना भावाला तिथे थांबवत नाही, म्हणून अल्बम सुरू करून तो खाली अंगणात जाऊन उभा राहिला. चहाचे काम माझ्याकडे होते. अल्बम संपत आला असे वाटल्यावर मी विजेची मोठी किटली लावली. हॉलमध्ये मागे प्लगला जागा नव्हती, म्हणून ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर भावाचे अँप्लिफायर होते त्यातच लावली.

थोड्या वेळाने गिटार थांबली, परंतु स्पीकरमधून घूं असा आवाज येत राहिला. कोणी उठले नाही. मलाही तो अल्बमच वाटला. शेजारच्या खोलीत इतकी वर्षे काढून मला फरक कळला नाही, यात दोष माझ्या कानांचा की त्याच्या संगीताचा हे मी सांगू शकत नाही. काळ्या शर्टातला एक इसम डोळे मिटून डोलत होता. एक बाई रुमालाने डोळे टिपत होत्या. पाण्याला उकळी आली, तेव्हा मी प्लग ओढला. आवाज तिथल्या तिथे बंद झाला आणि तो किटलीमुळे येत होता हे माझ्या ध्यानात आले. हॉलमध्ये कोणी हलेना. मग समीक्षक साहेब उभे राहिले व त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ सगळे उठले.

टाळ्या ऐकून भाऊ वर आला. त्याचा चेहरा पाहून मी गप्प बसले. घरी जेवताना तो आपणहून बोलला, आणि बराच वेळ बोलला.

त्या रविवारी साहेबांचा लेख छापून आला. त्यात असे होते की, अल्बमचा बहुतेक भाग प्रामाणिक पण ओढूनताणून केलेला आहे, ऐकणाऱ्याला दमवणारा आहे. मात्र शेवटी गिटार गळून पडते आणि उरतो तो निव्वळ गुंजारव, ती या अल्बमची खरी कमाई. आणि तो गुंजारव ज्या निष्ठुरपणे तोडला आहे तिथे कलावंत दिसतो. भावाने लेख उभ्याउभ्या वाचला व मला विचारले, "ताई, कुठला शेवट?" मी म्हटले, मला संगीतातले काय कळते.

लेख वाचून पुष्कळ लोकांनी अल्बम मिळवून ऐकला. शेवटचा भाग कापून अर्धवट माल दिला अशी बोंब काहींनी ठोकली. चांगल्या हेडफोनवर तो भाग स्पष्ट ऐकू येतो असे काहींनी कळवले. त्यांच्यामुळे जास्त घोटाळा झाला. भाऊ कामावरून आला की मागच्या खोलीत जाऊन शेवट ऐकत बसे. सगळ्यांना ऐकू येते ते आपल्याला येत नाही, म्हणजे आपले कान गेले, असे त्याने मनाशी धरले. कानाच्या डॉक्टरांनी कान ठणठणीत आहेत म्हणून सांगितले, त्यावर त्याचा विश्वास बसला नाही. मी रोज त्याला ताट वाढत होते आणि सांगत नव्हते. सांगितले तर आयुष्यात झालेले एकुलते एक कौतुक किटलीचे ठरणार होते. मला त्याची फार दया येत होती आणि रागही येत होता.

शनिवारी संध्याकाळी भावाने साहेबांना घरी बोलावले, हे मला माहीत नव्हते. मी दुकानातून आले तेव्हा मागची खोली बंद होती व आत अल्बम चालू होता. मध्येमध्ये धपधप असा आवाज येत होता. याने शेवटी एकदाचा ढोल घेतला असे वाटून मला बरे वाटले व मी भाजी चिरायला बसले. साहेब आतून दार ठोकत आहेत हे, आपले हवालदार आले तेव्हा समजले. साहेबांनीच आतून फोन केला होता.

भावाने साहेबांना मारहाण केलेली नाही. आतून कुलूप लावून तोही तिथेच बसला होता, व त्यांना चांगली खुर्ची व पाणी दिले होते. लेखातल्या शेवटाची ती जागा आली की हात वर करा, मग लगेच दार उघडतो, एवढेच त्याचे म्हणणे होते. साहेबांनी हात वर केला नाही, म्हणून त्याने अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावला. हवालदारांनाही त्याने विचारले, "तुम्हाला येतंय का हो काही ऐकू?" हवालदार नाही म्हणाले.

लेखी माफी मागितल्यास तक्रार मागे घेतो, असे साहेबांचे म्हणणे आहे. ती जागा दाखवल्यास माफी मागतो, असे भावाचे आहे. यात तो कोठडीत जाईल, म्हणून मी किटलीची हकीकत आज प्रथमच सांगितली आहे. भाऊ बाहेर बाकावर आहे, तरी जबाब हळू वाचावा अशी मी विनंती केली.

हवालदारांनी जबाब वाचला. त्यांना हळू वाचता येत नाही. किटलीचे वाचून होईपर्यंत भाऊ दारात येऊन उभा होता. साहेब समोरच्या खुर्चीत चष्मा काढून पुसत होते. भाऊ त्यांना म्हणाला, "सॉरी साहेब. तो भाग माझा नव्हता." साहेबांनी कोणाकडेही न पाहता, आपल्याला तक्रार चालवायची नाही असे सांगितले.

मग भाऊ माझ्याकडे वळला व म्हणाला, "ताई, आणि त्याच्या आधीचं? ते कसं वाटलं तुला?" हे त्याने मला आजवर कधीही विचारले नव्हते.

याचे उत्तर जबाबात घ्यायचे का, असे हवालदारांनी विचारले. मी नको म्हटले. ते मी त्याला घरी देईन. बाकी सर्व मी ऐकले, ते माझ्या सांगण्याबरहुकूम असून खरे आहे, म्हणून खाली सही केली.