गद्रे डॉक्टरांचा ताप

…आणि वर लोक म्हणतात, डॉक्टरांनी नीट समजावून सांगायला हवं होतं! अहो, नीट समजावून सांगितलं म्हणूनच तर सगळा घोटाळा झाला! मुकाट्यानं सुया टोचल्या असत्या, पेटी मिटली असती, बैलांच्या दमणीत बसून नंदुरबार गाठलं असतं, तर कोण काय बोललं असतं? पण नाही! गद्रे डॉक्टर पडले मुंबईच्या प्रयोगशाळेतले. विलायतेत कुठं नवा शोध लागला की तो यांच्या पोटात मावायचा नाही. आणि समजावून सांगायची हौस तर अशी की, तुम्हाला सांगतो, रस्त्यात कुणी नुसतं शिंकलं तरी हे थांबून त्याला शिंकेचं कारण सांगणार!

ते प्लेगचं साल. शेजारच्या गावात उंदीर मरून पडले होते, पाठोपाठ माणसंही जायला लागली होती, आणि धानोऱ्याच्या पारावर गद्रे डॉक्टर लशीची बाटली उंच धरून उभे. "बंधुभगिनींनो, या बाटलीत प्लेगचे मेलेले जंतू आहेत!"

काय गरज होती? औषध आहे म्हणायचं, संपलं! पण समजावून सांगायची हौस! पुढ्यातच धनुबाई बसलेली, गावातली मोठी फटकळ बाई, ती म्हणाली, "मरेल शेत ना ते, डाक्टर? मंग त्यास्ना दहावा-बारावा कोन करी?"

हसलं का कोणी? छे हो! सगळे गंभीर. उत्तराची वाट बघताहेत!

डॉक्टरांनी घाम पुसला, दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. "असं बघा, आपल्या रक्तात शिपाई असतात. त्यांना चोराचा चेहरा आधीच दाखवून ठेवला, की खरा चोर आला म्हणजे ते त्याला ओळखतात आणि धरतात." झकास सांगितलं की नाही? तर हिंमतराव पाटील हळूच म्हणतात, "आमना शिपाई चोरले चांगला वळखस, साहेब. दोन्हीजन एकच चिलीम ओढतस."

डॉक्टरांनी पुन्हा घाम पुसला.

आणि या सगळ्यात उदेसिंग लांब बाभळीखाली उभा. अक्कलकुव्याकडच्या डोंगरातून गहू कापायला माणसं आली होती, त्यांचा हा म्होरक्या. बिऱ्हाडं कडब्याच्या गंजीशेजारी, म्हणजे उंदरांच्या अगदी मांडीवर! डॉक्टरांना खरी काळजी त्यांचीच. पण उदेसिंगचं एकच म्हणणं, "आधी गावाचं काय होतं ते पाहू. मग आम्ही."

तेव्हा डॉक्टरांना सुचलं घोडं. "सारंगखेड्याच्या बाजारातून नवं घोडं आणलं, पहिल्यांदा खोगीर घातलं, की उधळतं ना? तसंच सुई टोचली की अंग तापतं, दंड सुजतो. ताप आला म्हणजे समजा, अंग शिकतंय!"

झालं! घोडं म्हटल्यावर धानोऱ्याला सगळं कळलं. माना डोलल्या, बाह्या वर गेल्या. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत पहिली सुई स्वतःला टोचून घेतली आणि मग गावाला. संध्याकाळी स्वारी खूश! म्हणाले, "बघा, लोकांना समजावून सांगितलं की कळतं!"

सकाळी दार उघडतात तो अंगणात ही गर्दी, आणि पुढं गावातला भटू, लाल डोळे करून. "मन्हा ताप कोठे शे?"

"कसला ताप?"

"बठ्ठास्ले ताप उना, माले काबर नही? पाटीलले चांगली सुई, माले नुसतं पानी?"

अहो, अर्ध्या गावाला ताप आलेला आणि ते गोधड्यांत ऐटीत पडलेले, उरलेलं अर्धं गाव ठणठणीत, म्हणून संतापलेलं! भिकुबाई तर कण्हत कण्हत सुनेला ऐकवत होती, "दख, मन्हा रगतमा आजून दम शे. तुन्हं त नुसतं ताक!" सून रडत डॉक्टरांकडे. डॉक्टर पुन्हा समजावायला बसले. ताप नाही आला तरी लस लागू पडते, प्रत्येकाचं अंग निराळं… "मंग काल घोडं उधळस काबर सांगं?" भटू ओरडला. आणि एवढ्यात गर्दीतून कोणीतरी विचारलं, "डाक्टर, तुमले किती ताप उना?"

डॉक्टर दरसाल टोचून घेणारे, त्यांचं अंग सरावलेलं, त्यांना कुठला ताप? चेहरा बघा, ताज्या मुळ्यासारखा! "सोताले पानी टोची लिधं!" एवढं वाक्य गावभर फिरायला काय वेळ लागतो? बाभळीखालून उदेसिंग माघारी वळला.

तुम्हाला सांगतो, तेव्हा मात्र डॉक्टर खचले. टोपी न घालता फाल्गुनाच्या उन्हात तसेच गंजीपर्यंत त्याच्या मागं गेले, हात जोडून समजावून सांगितलं, तो नकाराची मान हलवत राहिला. भर दुपारी परत आले आणि चावडीतल्या बाजेवर आडवे झाले. धनुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिनं सहज कपाळाला हात लावला. कपाळ उन्हानं तापलेलं, तव्यासारखं!

"डाक्टरले ताप उना व माय! डाक्टरले ताप उना!"

ही बातमी गंजीपर्यंत पोचायला काय वेळ? डॉक्टर उठून बसले. समजावून सांगायला तोंड उघडलं… तो दारात उदेसिंग. पाठीशी त्याची माणसं, बायका, कडेवरची पोरं. सगळ्यांचे डोळे डॉक्टरांच्या कपाळावर.

डॉक्टरांनी तोंड मिटलं. आडवे झाले. आणि अगदी बारीक आवाजात कण्हले, "हुं… हुं… हुं…"

जन्मात खोटं न बोललेला माणूस हो! धनुबाईनं त्यांच्यावर गोधडी टाकली, त्यावर पाटलांच्या घरची दुसरी, वर मिरीचा काढा पाजला, दृष्ट काढायला मिरच्यांचा धूर केला, आणि आत डॉक्टर वांग्यासारखे भाजून निघताहेत! त्यांच्याबरोबर आलेला मदतनीस बाहेर एकेकाला टोचत होता. उदेसिंगनं सगळ्यात आधी दंड पुढं केला.

त्या फाल्गुनात गंजीजवळ उंदीर पडले खरे. पण गव्हाचं काम उरकून उदेसिंगची माणसं सगळीच्या सगळी डोंगरात परत गेली. आणि गावानं काय म्हणावं? शिपाई? जंतू? छे! "डाक्टरनी गावना ताप सोतावर लई लिधा!" मानाचा नारळ दिला, शेला दिला.

पुढच्या गावात दमणी थांबली तर वेशीवरच मंडळी बाज टाकून तयार. "या, डाक्टर. आमना गावना ताप बी तुम्हीच लई ल्या."

डॉक्टरांनी आभाळाकडे पाहिलं, कोट काढला, बाजेवर निजले आणि म्हणाले, "गोधडी तेवढी पातळ आणा हो."