साधी काळी छत्री

औषधांच्या दुकानातल्या रांगेत निवृत्त शिक्षिकाबाई गुडघ्याच्या मलमासाठी उभ्या होत्या. पुढे एक आत्या आणि तिची भाची होती. बाईंनी मुद्दाम कान दिला नव्हता; तो आपला आपणच गेला.

"आत्या, ओठ किती सुकलेत तुझे."

"कालपासून घोटघोटच पाणी घेतेय. सराव चाललाय."

"कसला?"

"रविवारी तुमच्याबरोबर यायचं, पण डोंगरावर बायकांना जायला आडोसा नसतो म्हणे. पाणीच प्यायलं नाही की प्रश्नच मिटला."

"आणि चक्कर येऊन पडलीस की तुला खाली कोण आणणार, मी? भरपूर प्यायचं. वाटेपासून, झऱ्यापासून लांब जायचं आणि पुढ्यात उघडी छत्री धरायची. वापरलेला कागद पिशवीत घालून परत आणायचा. मग साबणाने हात धुवायचे."

"छत्री आहे की. ही बघ, आमच्या विमा कंपनीची."

"ही पिवळीधमक? हिच्यावर 'अवश्य या, चौकशी मोफत' असं लिहिलंय."

"अगंबाई. मग मी येतच नाही. तुम्ही पोरी जा. तीस वर्षं तो डोंगर खिडकीतून पाहिला, अजून पाहीन."

बाईंनी आपली छत्री पुढे केली.

"ही घ्या. साधी काळी आहे, एक अक्षर नाही."

"अहो, आणि तुम्हाला?"

"तुमची द्या. माझ्याकडे हल्ली चौकशीला कोणी येत नाही."

"परत कशी करू?"

"डोंगर चढून आलात की घरी या, पत्ता या दुकानदाराला ठाऊक आहे. पण आधी पिशवीतली ती पाण्याची बाटली संपवा. माझ्यासमोर."

आत्याने झाकण उघडून बाटली तोंडाला लावली.