सेवेरोआजोबांनी तोंड फिरवल्याबाबत

मी, एदगार चोकेतार्की लुना, वय एकवीस वर्षे, धंदा सध्या काही नाही (सिव्हिल इंजिनिअरिंग मध्येच सोडले), राहणार मिनीबस थांब्याच्या वरची पायऱ्यांची गल्ली, ला पाझ, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, सेवेरोआजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, त्या सकाळपासून माझं सगळंच फिरलं.

लेखनिक सणाच्या बंदोबस्तावर गेल्याने हा जबाब मी स्वतःच लिहीत आहे. "कॉलेजात जे काय शिकलास ते आज तरी कामाला येऊ दे," असे सार्जंट उरकिसो म्हणाले.

सेवेरोआजोबा ही दोन्या बासिलिया पोमा यांच्या घरची कवटी. आमची वस्ती जुन्या दफनभूमीवर आहे. थांब्यासाठी जमीन खणली तेव्हा नावांचे दगड गल्लीच्या पायऱ्यांना लागले, आणि ज्यांच्यामागे विचारणारं कोणी उरलं नव्हतं त्यांची डोकी बायकांनी घरी नेली. उघड्यावर कसं टाकायचं कोणाला? त्यांना आम्ही लाडाने नकटे म्हणतो. विणलेली टोपी घालतो, सिगारेट पेटवून दातांत देतो, आणि घरातली मोठी गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय ठरवत नाही.

दोन्या बासिलिया यांची मुलगी नायरा हिच्याशी मला लग्न करायचे आहे. ते बोलायला मी गेल्या सोमवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. जांभळ्या मक्याच्या गरम आपीचा पेला माझ्या हातात देत त्यांनी विचारले, "कॉलेज का सोडलंस?"

"प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर गाढव म्हटलं."

"मग?"

"मग काय, उठलो आणि निघालो."

"अरे, मला माझा नवरा रोज म्हणायचा. मी उठून गेले असते तर ही नायरा कुठून आली असती?"

यावर मला राग आला व मी पेला तसाच ठेवून निघालो. जाताना दार जरा जोरात लावले असेल. मला आठवत नाही. नायराला आठवते.

सेवेरोआजोबा दाराशेजारी पत्र्याच्या फळीवर, एका बशीत बसतात. सकाळी पाहतात तो त्यांचे तोंड भिंतीकडे. घरातल्या कोणी हात लावलेला नव्हता. दोन्या बासिलिया यांनी मला खिडकीतूनच सांगितले, "आजोबा नाही म्हणाले. आता ते आपणहून वळतील तेव्हाच या उंबऱ्यात पाय ठेव." त्यानंतर मला जेवण गेले नाही, हे माझ्या आईला विचारावे.

आज आठ नोव्हेंबर, नकट्यांचा सण. दोन्या बासिलिया फुलांचा मुकुट आणायला बाजारात गेल्या असता मी घरात शिरून आजोबांना टोपीसकट उचलले. तक्रारीत चोरी असा शब्द आहे. ती मनधरणी होती. मी त्यांना मोठ्या दफनभूमीत नेले, पाद्रीबाबांकडून पाणी शिंपडून घेतले, कोकाची पाने वाहिली, भारीतली सिगारेट दिली, बँड लावला. मग कानाच्या जागी तोंड नेऊन म्हणालो, "आजोबा, माझी बाजू कोणी ऐकलीच नाही हो."

मागे दोन्या बासिलिया, आजोबांना सणाला न्यायची पेटी रिकामीच घेऊन, नायरासह उभ्या होत्या. "बँड कोणाच्या लग्नाचा?" त्यांनी विचारले. तिथून आजोबांसकट आम्हां सर्वांना येथे आणण्यात आले.

येथे दाराशेजारच्या कपाटावर ठाण्याचे स्वतःचे नकटे आहेत, हवालदार फोर्तुनातो. ठाण्याच्या मोरीचे काम करताना निघाले, तेव्हापासून पोलिसांची टोपी घालून आहेत. त्यांना विचारल्याशिवाय सार्जंट चोर शोधायला जात नाहीत. माझी हकीकत ऐकून सार्जंट म्हणाले, "पोरा, ला पाझमध्ये पोरी काय कमी आहेत?" मी उठलो आणि निघालो. दार मागे धाडकन लागले. शिपायाने पायऱ्यांवरून दंडाला धरून परत आणले.

आत येऊन पाहतो तर हवालदार फोर्तुनातो भिंतीकडे तोंड करून बसलेले. सार्जंटने स्वतःची टोपी काढली. "साहेब, माझं काही चुकलं का?" त्यांनी हवालदारांना दोनदा विचारले. नायरा शालीत तोंड लपवून हसत होती.

"सार्जंटसाहेब, त्यांना सरळ करा आणि दार आपटा," मी म्हणालो.

"मी?"

"तुम्हीच. म्हणजे कोणाला संशय नको."

सार्जंटने दार आपटले. कपाट हादरले, आणि हवालदार टोपीसकट गरकन वळले. मग शिपायानेही एकदा आपटून पाहिले. त्याची गरज नव्हती.

मी म्हणालो, "बघा, आजोबा नाही म्हणालेच नव्हते. ते मीच केलं."

"म्हणजे बरोबरच बोलले की ते," दोन्या बासिलिया म्हणाल्या. "दार आपटणाऱ्याला पोरगी देऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं. बिचाऱ्यांना ना जीभ ना हात. जमलं तसं सांगितलं."

मी नायराकडे पाहिले. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? दाराकडे बघ."

सार्जंटसमोर असे ठरले की, सेवेरोआजोबांना हवालदारांच्या शेजारी, दाराकडे तोंड करून ठेवायचे व मी बाहेर पडायचे. दोघेही जागचे हलले नाहीत तर तक्रार मागे, आणि रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला. हलले तर पुन्हा त्या गल्लीत दिसायचे नाही. मी कबूल केले.

"आणि एदगार," दोन्या बासिलिया आत्ताच म्हणाल्या, "तो प्राध्यापक काही खोटं बोलला नव्हता हं."

हेही लिहून घे, असे सार्जंट म्हणाले, म्हणून लिहिले.

जबाब मी सर्वांसमोर मोठ्याने वाचला. गाढव हा शब्द शिपायाने पुन्हा वाचायला लावला. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे व माझ्याच अक्षरात असून बरोबर आहे. सही करून मी उठत आहे, कोणाला काहीही उलट न बोलता बाहेर जात आहे, आणि कडी दोन्ही हातांनी धरून, हळूच, दार लावून घेत आहे.