अंबूबाईंचं पान फोनवर

न्हाई न्हाई नानासो, ही फाईल हाय तशी न्हाई चढवायची इंटरनेटवर. तुमच्या वाचनालयाचा अंक मीच छापलाय, झ्याक छापलाय, पण ही फाईल कागदासाठीची — बसा की, घाई कशापायी. हे बघा, चारी कोपऱ्यांवर कापायच्या खुणा, एकेका इंचात तीनशे ठिपके, शाईचे चार रंग. कागदाला हे समदं लागतं. फोनला काय लागतं? उजेड. हे माझं वाक्य हाय. म्हंजे प्राचीचं, आमच्या सूनबाईचं, पण मी बी तसंच म्हणलो असतो.

गेल्या साली एका शाळेची स्मरणिका छापली. तिथं अंबूबाई म्हणून हायत, तीस वर्सं पोरांची खिचडी शिजवली त्यांनी. शाळेनं त्यांच्यावर आख्खं पान दिलं — हिरव्या लुगड्यातला फोटो, भोवतीनं मी काढलेली नक्षी. तर त्या हितं आल्या, अंक फडक्यात गुंडाळलेला. म्हणल्या, आण्णा, शंभूराज माझा पलटणीत हाय, वर बर्फात, त्येला दिसातनं धा मिनटं रेंज येती, त्येवढं माझं पान त्येला धाडा. म्हणलो, त्यात काय. आन धाडली की — पुरी फाईल, चारशे एमबी. आठवडाभर पोराच्या फोनवर नुसती चकरी फिरत ऱ्हायली. अंबूबाई परत आल्या. मी सांगितलं, रेंजचा दोष. आवं, खोटं. मला बारीक करायला येतच नव्हतं. सांगलीत ह्यो आदगोंडा म्हंजे छपाई असं लोक म्हणत्यात, मग येत न्हाई असं कसं सांगू? हसा, हसा तुमी.

तिसऱ्यांदा आल्या तवा प्राची चहा घिऊन आलती. तिनं समदं ऐकलं, ट्रे ठिवला आन बसली कॉम्प्युटरवर. खुणा कापल्या, ठिपके कमी केले, रंग बदलले — आन मी मागनं म्हणतोय, नक्षी ऱ्हाऊ दे. ती म्हणली, "मामा, नक्षी ठेवली तर अक्षरं मुंग्यांएवढी होतील. त्याला वाचायचंय ना?" काढली. दोन दिस घातलेले मी त्या नक्षीला. मग जरा भाईर जाऊन उभा ऱ्हायलो — रुसून न्हाई, वारा घ्यायला.

पान गेलं, दोनशे केबीचं. थोड्या वेळानं अंबूबाईंना हितंच पोराचा फोन, प्राचीनं स्पीकर लावला. म्हणला, "आये, तुला कुणी वाचून दावलं का ह्ये?" बाई हळूच म्हणल्या, "न्हाई रं. माझंच कौतिक मला वाचून दाव, असं कुणाला म्हणू?" पाच म्हैने अंक घरात, आन त्यांना आत काय लिव्हलंय ते ठावं न्हाई. मग त्यो वाचाय लागला. दोनदा रेंज गेली, दोनदा त्यानं परत लावला, आन दर खेपेला पयल्या ओळीपासनं. मी त्या मजकुराचं प्रूफ तीनदा तपासलंय, नानासो, पण मी काय वाचलं हुतं कुणास ठाऊक. दुष्काळात बाईंनी घरची चटणी आणून पोरांना वाढली, हितपर्यंत आला, आन अंबूबाई म्हणल्या, "चटणी न्हवती. शेंगदाण्याचं कूट हुतं."

कागदावर पाचशे प्रतींत चटणी ती चटणीच. पण प्राचीनं तिथंच फाईलीत चटणीचं कूट केलं आन परत धाडलं. तिकडनं पोरगं असं हसलं — एकटं न्हाई, समदी बराक हसत हुती.

तर ठिवा तुमचा पेनड्राईव्ह. मी करतो. बरं, प्राची करंल, मी शेजारी बसतो. आन ते रेंजचं खोटं बोललेलं, ते अंबूबाईंना अजून ठावं न्हाई, तवा कुठं बोलू नगा — काय?

अंबूबाई तुमची चुलती?

सख्खी?

म्हणून मगापासनं हसताय व्हय. या तुमी आता.