पेटीतला पूल

शिवणकाम करणारी एक बाई दवाखान्यात नंबराची वाट बघत बसली होती. शेजारी एक जोडपं येऊन टेकलं. नवऱ्याची दोन बोटं झटपट चिकटणाऱ्या गोंदाने एकमेकांना घट्ट चिकटली होती. बाईने मान खाली घातली, पण कान तिकडेच लागले.

"डॉक्टरांना काय सांगणार आहेस?"

"मुलीचा खेळण्यातला पूल जोडत होतो म्हणून सांगेन."

"तू का जोडत होतास?"

"वाकडा झाला होता."

"वाकडा होता, पण तिने केलेला होता. दर महिन्याला खेळणी बनवायच्या सामानाची पेटी तिच्या नावाने येते आणि फोडतोस तू. दुर्बीण तू केलीस, विजेची घंटा तू केलीस. ती नुसती स्क्रू हातात देत बसते."

"अगं, तिचं चुकलं की ती रडते. मला बघवत नाही."

"तू हातातून ओढून घेतोस म्हणून रडते. काल त्या पुलावरून गाडी नेऊन दाखवली तिने मला. तू आलास आणि पूल मोडलास."

"परत नीट जोडणारच होतो."

"आज तू गोंद आणायला गेलास तेव्हा नवी पेटी आली. कुरियरवाल्याला म्हणाली, बाबा घरी नाहीत, नंतर या."

नवऱ्याने चिकटलेली बोटं ओढून बघितली.

"मला लहानपणी कुणी कशाला हात लावू दिला नाही गं."

"म्हणून तिलाही लावू द्यायचा नाही?"

आतून त्यांचा नंबर पुकारला.

"तू येतेस ना आत?"

"नाही. तुझं तू सांग."